दार उघडणाराच दिसला

प्राचार्य काय बोलून गेले, हे माणिकरावांनी वाशीमहून मेडशीला येईपर्यंत बायकोला सांगितलं नाही. लिलाबाई एसटीत शेजारच्याच सीटवर होत्या. त्यांनीही विचारलं नाही. आदल्या संध्याकाळी प्राचार्य घरच्या बैठकीत बोलत होते तेव्हा त्या चहा घेऊन पडद्यामागे उभ्या होत्या, आणि चहा गार होईपर्यंत उभ्याच राहिल्या होत्या.

त्या दुष्काळी वर्षी ज्ञानोदय महाविद्यालयाच्या वसतिगृहात मिलोच्या भाकरी सुरू झाल्या होत्या. ही अमेरिकेची लाल ज्वारी गरम असताना कशीबशी गिळता यायची, गार झाल्यावर तिचं काय करायचं ते कुणालाच कळत नव्हतं. पोरांनी तक्रार केली. रेक्टर म्हणाले, मीही तीच खातो. ते खरं होतं, पण पोरांचं समाधान झालं नाही. एका दुपारी रेक्टर धान्य पाहायला कोठीत गेले आणि बाहेरून कुणीतरी कडी लावली. बऱ्याच वेळाने दार उघडलं तेव्हा त्यांच्या भुवयांवर पीठ होतं आणि समोर मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा गुलाबसिंग उभा होता. रेक्टरांनी त्याला पाहिलं. दुसऱ्या कुणालाच पाहिलं नाही.

कुजबुजीतून आणखी दोन नावं निघाली. एक मधुसूदन, संस्थेच्या सचिवांचा भाचा. दुसरा जगदेव, माणिकरावांच्या थोरल्या भावाचा, इंद्रभानचा मुलगा. तिघांनाही वसतिगृहाबाहेर काढलं होतं. सोमवारी शिस्त समिती बसणार होती. समितीत प्राचार्य, सचिव, स्वतः रेक्टर, गणिताचे एक प्राध्यापक आणि नागरिकशास्त्र शिकवणारे माणिकराव होते.

“सचिवसाहेबांचा भाचा एक, तुमचा पुतण्या एक,” प्राचार्य म्हणाले होते. “दोघांना तोंडी समज देऊ. पण संस्थेनं काही केलं असं दिसायला हवं. तो तिसरा आहे, त्याला दोन वर्षांसाठी काढू. रेक्टरांनी त्याला पाहिलंच आहे.” मग उठता उठता, पाण्याची चौकशी करावी तसं त्यांनी विचारलं होतं, “तुमचं कायम होण्याचं प्रकरणही येतंय ना आता सचिवांपुढे?”

मेडशीत इंद्रभान ओट्यावर बसून अंबाडीची दोरी वळत होता. माणिकरावांनी त्याला हे सगळं सांगितलं. तिसऱ्याचं नाव तेवढं घेतलं नाही. इंद्रभाननं दोरीला पीळ दिला.

“मंग अडलं कुठी?” तो म्हणाला. “आपलं पोरगं सुटलं, तुही नोकरी राह्यली. प्राचार्य घरी येऊन सांगून गेला. अन् तू असा बसला जसा मयतीले आला.”

“दादा, मी समितीतून उठतो म्हणतो. पुतण्याच्या मामल्यात काकानं बसू नये.”

“काहून?”

“बरोबर दिसत नाही.”

“कोनाले?”

माणिकरावांनी विचार केला. खरं उत्तर ‘मले’ असं होतं, पण ते मोठ्या भावासमोर बोलता येण्यासारखं नव्हतं.

“तो सचिव उठून राह्यला का?” इंद्रभाननं पुढे विचारलं.

“नाही.”

“त्याचा भाचा बसल्या बसल्या सुटते, अन् तू उभा राहून आपलं पोरगं बुडवतं. शिकलेला मानूस हायेस तू.”

सोजरबाई, इंद्रभानची बायको, हाताचं पीठ झटकत चुलीपासून उठून दारात आली. तिनं सगळं ऐकलं होतं. “भाऊजी, तुमी उठले तं त्या खुर्चीवर कोन बसन?”

“कोणी नाही वहिनी. रिकामी राहीन.”

“आपल्या घरचा एक मानूस त्या खुर्चीपर्यंत पोचला. तुमच्या बापानं लोकाइची ढोरं राखून शिकवलं तुमाले. अन् तुमी ते रिकामी ठेवता?”

लिलाबाई चुलीजवळ बसून वरण ढवळत होत्या. नोकरीची भीती त्यांना सगळ्यांपेक्षा जास्त होती. वाशीमचं भाड्याचं घर त्या चालवत होत्या. तरी त्यांच्या मनात वेगळंच काहीतरी टोचत होतं. नवरा समितीतून उठेल, घरी येईल, हातपाय धुऊन चहा घेईल. तो तिसरा पोरगा, ज्याचं नाव पडद्यामागून त्यांनी ऐकलं होतं, तो यांच्या उठण्यानेही जाईल आणि बसण्यानेही जाईल. मग उठायचं ते कशासाठी? त्या वरण ढवळत राहिल्या.

दुपारच्या गाडीनं जगदेव आला. त्याच्यासोबत एक सडपातळ पोरगा होता. त्याच्या पांढऱ्या सदऱ्याची उसवलेली कॉलर आतून दोऱ्यानं शिवलेली होती.

“माय, हा माहा दोस्त,” जगदेव म्हणाला. “परवापासून स्टँडवर झोपून राह्यला होता. याचे मायबाप ऊस तोडाले गेले. तांड्यावरच्या घराले कुलूप हाय.”

“अगं माय! मंग आधी काहून नाही आनलं?” सोजरबाईनं लगेच पाण्याचा तांब्या पुढे केला. “नाव काय रे बापा तुहं?”

“गुलाबसिंग.”

लिलाबाईंच्या हातातली पळी थांबली. माणिकरावांनी त्याला आल्या आल्याच ओळखलं होतं; ते ओट्यावरून उठले आणि पुन्हा बसले. इंद्रभान आणि सोजरबाईला ते नाव नवं होतं. इंद्रभाननं त्याला आपल्याजवळ जागा करून दिली आणि तांड्यावर यंदा पाणी आहे का, असं विचारलं. गुलाबसिंग म्हणाला, नाही. इंद्रभान म्हणाला, अथीही नाही. एवढ्यावर दोघांचं चांगलं जमलं.

माणिकरावांनी जगदेवला गोठ्याकडे नेलं. जगदेवला वाटलं, काका रागावणार. काका रागावले नाहीत. त्यांनी प्राचार्यांचा निरोप सांगितला, आपण समितीतून उठणार हेही सांगितलं, आणि ते ऐकताना जगदेवला कळलं की कडी कोणी लावली हे काकांनी त्याला आजवर एकदाही विचारलेलं नाही.

“कडी म्या लावली, काका.”

माणिकराव गव्हाणीच्या कडेवर बसले.

“कोनी तरी म्हणलं लाव, म्या लावली. गुलाबसिंग तवा विहिरीवर आंघोळ करून राह्यला होता. त्यानं सरांचा आवाज ऐकला, तसाच ओल्या अंगानं पयत आला अन् दार उघडलं. आमी पयालो होतो.”

“हे तू समितीत सांगशील?”

“सांगन.”

“मग मी तुले वाचवू शकणार नाही.”

“तुमी तं उठूनच राह्यले ना?” जगदेव म्हणाला. त्याला ते टोचून बोलायचं नव्हतं, पण शब्द तसेच बाहेर पडले.

जेवायला सगळे एकत्र बसले. भाकरी घरच्या ज्वारीची होती. शेवटचं पोतं होतं, पण सोजरबाईनं पाहुण्यासाठी हात आखडला नाही. गुलाबसिंग मान खाली घालून जेवत होता. इंद्रभानला कितीतरी दिवसांनी बरं वाटत होतं. चार घास गेल्यावर तो बोलता झाला.

“तुहीही चवकशी हाय का रे तथी?” त्यानं गुलाबसिंगला विचारलं.

“हाय.”

“भेऊ नको. मोठ्या लोकाइनं ठरवलं हाय. आमचा जगू सुटते, सचिवाचा भाचा सुटते. कोनी एक तिसरा हाय चोट्टा, त्याले काढून राह्यले. त्याले त्या रेक्टरनं डोयानं पाह्यलं.”

“दादा,” माणिकराव म्हणाले.

गुलाबसिंगनं हातातला घास संपवला. मग म्हणाला, “तिसरा मीच हाओ, बाबा.”

गुलाबसिंगनं माणिकरावांकडे पाहिलं. “सर, मले काढून राह्यले का?”

वर्गात त्यानं विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं माणिकरावांनी नेहमी दिली होती. या वेळी त्यांनी वरणाची वाटी त्याच्याकडे सरकवली.

सोजरबाईच्या हातात भाकरी तशीच होती. तिनं तिचे दोन तुकडे केले आणि एक त्याच्या ताटात टाकला. “तुनं दार काहून उघडलं रे?”

“सर आतून ठोकून राह्यले होते. मंग ठोकनं बंद झालं. मले वाटलं, गेले.”

“अन् मंग?”

“मंग उघडलं. गेले नव्हते. शिव्या देल्ल्या.”

“कडी म्या लावली होती, बाबा,” जगदेव म्हणाला. “समितीत मी तसंच सांगनार हाओ.”

इंद्रभान ताटावरून उठला. त्याचा आवाज गल्लीपर्यंत गेला. “तू काहीच सांगनार नाही! माहा बाप शाळेच्या दाराबाहेर बसला, मी चवथीत सुटलो, अन् तू कॉलेजातून हाकलून घेनार? खरं बोलाची लय हौस हाय तं ते सचिवाच्या भाच्याले सांग आधी!” मग तो भावाकडे वळला. “माणिक, याले समजव. सोमवारी तू खुर्चीवर बस, अन् हा चूप बसन. बाकी मले काही मालूम नाही.”

त्याचं म्हणणं चुकीचं आहे असं माणिकरावांना वाटेना. इंद्रभान हात न धुताच शेताकडे निघून गेला. शेतात करण्यासारखं काही नव्हतं.

तेव्हा लिलाबाई बोलल्या. दिरासमोर, जावेसमोर त्या सहसा बोलत नसत.

“उठायचं तर साऱ्यांना उठवा. तुम्ही एकटेच उठले तर तुमचा सदरा तेवढा पांढरा राहीन. सचिवांचा भाचा आहे, त्यांनी उठावं. रेक्टरांची तक्रार आहे, तेही कसे बसतात? अन् पोरांना एकेकाला आत बोलावून विचारायला सांगा. या पोराला अजून कुणी काही विचारलंच नाही.”

“आणि नोकरी?” माणिकरावांनी विचारलं.

“त्याचीच तर मला भीती आहे,” लिलाबाई म्हणाल्या. “म्हणूनच सकाळपासून बोलले नाही.”

सोजरबाई आत गेली आणि गुलाबसिंगसाठी एक वाकळ काढून उन्हात टाकली. आपली जाऊ आणि आपला मुलगा एका बाजूला आहेत, नवरा दुसऱ्या बाजूला, आणि आपण वाकळ झटकतो आहोत, हे तिला दिसत होतं. ती झटकत राहिली.

सोमवारी प्राचार्यांच्या खोलीत चहा आला. ठराव आधीच तयार होता. प्राचार्य तो वाचायला लागणार तेवढ्यात माणिकराव म्हणाले, “सर, या प्रकरणात माझा पुतण्या आहे. मी बसणार नाही.”

“तुमच्या भावनेचा आदर आहे,” प्राचार्य म्हणाले. “उरलेले चौघं पाहून घेऊ.”

“सचिवसाहेबांचा भाचा आहे. त्यांनाही बसता येणार नाही.”

सचिवांनी बशी खाली ठेवली. “म्हणजे मी पक्षपाती आहे, असं म्हणता?”

“नाही साहेब. मी आहे. मी माझ्याबद्दल खात्रीनं सांगतो. तुमचं नातं माझ्याइतकंच जवळचं आहे, एवढंच म्हणतो.”

“आणि माझं?” रेक्टरांनी विचारलं. त्यांचं त्या मुलांत कुणाशीच नातं नव्हतं.

“तक्रार तुमची आहे, सर. तक्रार करणाऱ्यानंच निकाल द्यायचा, तर मुलांना बोलवायचं कशाला?”

प्राचार्यांनी चष्मा काढला. “पाचांतून तिघं उठले तर उरतात दोन. गणपूर्ती तिघांची आहे.”

“बरोबर आहे,” गणिताचे प्राध्यापक म्हणाले. त्या दिवशी ते एवढंच बोलले.

“मग दुसरे घ्या,” माणिकराव म्हणाले. “मुलांना आरोप लेखी द्या, एकेकाचं ऐका. आणि एका कृत्याला एकच शिक्षा. माझं हे बोलणं इतिवृत्तात घ्यावं. काढून टाकण्याचा ठराव मंजुरीला विद्यापीठात जातो, सोबत इतिवृत्तही जातं.”

प्राचार्यांनी पेनाला टोपण लावलं. मधुसूदनचं नाव विद्यापीठाच्या टेबलावर वाचलं जातंय, असं चित्र त्यांच्या आणि सचिवांच्या डोळ्यांपुढे एकदमच आलं असावं, कारण दोघांनी एकाच वेळी खिडकीबाहेर पाहिलं. सभा तहकूब झाली. माणिकराव सायकल न घेताच घरी आले आणि नंतर तिच्यासाठी परत गेले.

नवी समिती बसायला आठवडा गेला. सचिव आणि रेक्टरांच्या जागी ग्रंथपाल आणि हिंदीचे शिक्षक आले, माणिकरावांची खुर्ची रिकामीच राहिली. सुनावणीला पालक आणायची मुभा होती. इंद्रभान आला नाही. तो त्या दिवसापासून भावाशी आणि मुलाशी बोलत नव्हता. सोजरबाई एकटी एसटीनं आली. शिपायानं व्हरांड्यातल्या बाकावरच्या जगदेवकडे बोट करून विचारलं, “याचे पालक?”

“मीच.”

“आणि त्या गुलाबसिंगचे?”

“मीच.”

शिपायानं एकदा दोघांच्या तोंडाकडे पाहिलं आणि तसंच आत जाऊन सांगितलं.

सर्वांत आधी रेक्टरांना बोलावलं. दार अर्धवट लोटलेलं होतं, जगदेवला बाकावरून ऐकू येत होतं.

“तुम्ही कुणाला पाहिलंत?” ग्रंथपालांचा आवाज.

“गुलाबसिंगला. दार उघडताना.”

“आणि लावताना?”

“लावताना मी आत होतो.”

“काही ऐकलंत?”

“कुणीतरी ‘लाव’ म्हणालं. कुणीतरी हसलं. बऱ्याच वेळानं एक जण ओरडला, सर, मागे सरका, कडी अडकली आहे.”

“तो आवाज कुणाचा?”

“ज्यानं उघडलं त्याचाच.”

“हे तक्रारीत नाही.”

“मला कुणी विचारलं नव्हतं,” रेक्टर म्हणाले. मग स्वतःहून म्हणाले, “मीही विचार केला नव्हता. रागात होतो.” बाहेर येताना ते गुलाबसिंगसमोर थांबले. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. “जेवलास का?” त्यांनी विचारलं. गुलाबसिंग हो म्हणाला.

मधुसूदन आत गेला आणि त्या दुपारी आपल्याला ताप होता असं सांगून आला. जगदेवला प्राचार्यांनी विचारलं, कडी कोणी लावली? त्यानं सांगितलं.

“‘लाव’ कोण म्हणालं?”

जगदेवला बापाचे शब्द आठवले. मधुसूदनचं नाव ओठावर होतं. ते घेतलं असतं तर खोटं ठरलं नसतं. “ज्यानं म्हणलं त्याले विचारा, सर,” तो म्हणाला. “हात माहा होता. सर आत मरतीन, हे ध्यानात आलं नाही. दार उघडाले मी परत आलो नाही, गुलाबसिंग आला. ते मले जास्त खराब वाटते.”

निकाल लागला. गुलाबसिंगवरचा आरोप काढून घेतला आणि त्याला खोली परत मिळाली. जगदेवला वर्ष संपेपर्यंत कॉलेजातून काढलं. कबुली दिल्यामुळे जूनमध्ये पुन्हा प्रवेश द्यावा, असं ठरलं. परीक्षा गेली, त्या सत्राची सरकारी शिष्यवृत्तीही गेली. मधुसूदनबद्दल काही ठरवायची वेळ आली नाही. निकालाआधीच त्याच्या मामांनी त्याला दुसऱ्या गावच्या कॉलेजात घातलं होतं. समितीनं त्याच्यावरचा मुद्दा आता उरत नाही, अशी नोंद केली.

माणिकरावांना कायम न करता आणखी एक वर्ष परिवीक्षेवर ठेवण्यात आलं. कारण दिलेलं नव्हतं. त्यांनी घरी येऊन सांगितलं तेव्हा लिलाबाई गहू निवडत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, थोडा वेळ डोळ्यांना पदर लावला, मग सूप पुन्हा मांडीवर घेतलं. “मी तुमच्या जागी असते तर घाबरले असते,” त्या म्हणाल्या.

“मीही घाबरलो होतो,” माणिकराव म्हणाले.

मेडशीत जगदेव बापासोबत दुष्काळी कामावर जाऊ लागला. मालेगावच्या रस्त्यासाठी खडी फोडायची होती. इंद्रभान पुढे चालायचा, जगदेव मागे. दोघं एकाच ढिगाशी बसायचे. बाप घरी आणि कामावर त्याच्याशी एक शब्द बोलत नव्हता. हातोड्याचा दांडा सैल झाला की मात्र पाचर ठोकून परत द्यायचा. जगदेवच्या तळहातांना फोड आले, फुटले. सोजरबाई त्यांना तेल लावायची आणि नवऱ्याकडे पाहायची. नवरा आढ्याकडे पाहायचा. गुलाबसिंग एका रविवारी येऊन इतिहासाच्या टिपणांची नक्कल देऊन गेला, तेव्हाही इंद्रभाननं त्याला, “पानी घेतलं का?” एवढंच विचारलं. मुलाला तेवढंही विचारलं नाही.

एक दिवस नवा मुकादम हजेरी घ्यायला आला. तो जगदेवच्या हातांकडे पाहून थांबला. “हे हात कामाचे नाहीत. कॉलेजात जातो ना तू? मग इथं कसा?”

जगदेवनं मान खाली घातली. आसपासच्या बायामाणसांचे हातोडे हळू झाले.

“काढलं त्याले,” इंद्रभान म्हणाला. तो थांबला नाही, खडी फोडतच होता. “मास्तरले कोठीत कोंडलं होतं.”

मुकादम हसला. “अन् सापडला कसा मग?”

“सापडला नाही.” इंद्रभाननं दगड फिरवून दुसरी बाजू वर केली. “यानं सोताच सांगतलं.”

मुकादम पुढच्या ढिगाकडे गेला. इंद्रभाननं हातोडा उचलला, आणि मुलाकडे न पाहता म्हणाला, “दांडा वरून धरू नको, खालून धर. हात सोलत नाहीत.”